किनारा कुणापासून राखायचा?

वेळास, आंजर्ले, गुहागर, तांबळडेग, वायंगणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये या किनाऱ्यांवरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाऊ लागतात आणि त्यांच्या छायाचित्रांमागोमाग एक जुना वाद दरवर्षी परत येतो. शहरातला निसर्गप्रेमी म्हणतो, हे किनारे अभयारण्य म्हणून जाहीर करा, माणसांची वर्दळ बंद करा, म्हणजे कासवेही वाचतील आणि पक्षीही. किनाऱ्यावरचा मच्छीमार म्हणतो, अभयारण्य आले की होडी वर काढायची आणि मुंबईत वॉचमनकी शोधायची. तिसरा आवाज सहसा उशिरा येतो, पण जास्त आत्मविश्वासाने: चार कासवांसाठी कोकणाचा विकास अडवणार का? तिघांचे एकमेकांशी पटत नाही, तरी एका गोष्टीवर तिघांचेही एकमत आहे. अभयारण्य म्हणजे प्राणी आत आणि माणूस बाहेर, हे तिघांनीही धरूनच टाकले आहे. वाद बिघडतो तो इथेच.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या किनाऱ्यांना कायद्याचे संरक्षण हवे आणि ते कडक हवे. पण ते सरसकट माणसापासून नको. रात्रीचा उजेड, वाळूवर ओतले जाणारे काँक्रीट, किनाऱ्यालगत घुसणारे ट्रॉलर आणि नकाशावरच्या रेषा सरकवून येणारे मोठे प्रकल्प यांच्यापासून ते हवे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे, ओढणारा माणूस आणि ओहोटीला तिसऱ्या काढणारी बाई या यादीत बसत नाहीत. आजवर आपण ज्या पद्धतीने संरक्षण राबवले त्यात नेमके हेच दोघे आधी अडवले गेले आणि बाकीचे मोकळे राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी ही तऱ्हा.

मालवणचे उदाहरण घ्या. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाच्या आसपासचा सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा. हेतू उत्तमच होता. प्रवाळ, शेवाळ, मासे, सगळ्यांनाच आश्रय हवा होता. पण ज्यांच्या दारातले पाणी कागदावर गेले त्या मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला आणि तो विरोध अजूनही विझलेला नाही. बाहेरून पाहणारा चटकन निष्कर्ष काढतो, की मच्छीमारांना संवर्धन नको आहे. मग त्याच मालवणच्या मच्छीमारांनी पुढे काय केले ते पाहा. माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन नेटवर निर्बंध घाला म्हणून ते रस्त्यावर आले. परराज्यांतून येणारे हायस्पीड ट्रॉलर रोखा म्हणून भर समुद्रात भिडले. रात्री प्रखर दिवे लावून माशांचे थवे उपसणारी एलईडी मासेमारी बंद करा म्हणून उपोषणे केली. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली, त्यामागे या लोकांचा रेटा होता. संवर्धनाला विरोध करणारा माणूस बंदीसाठी उपोषणाला बसतो का? त्यांना बंदी नको होती असे नाही. चुकीच्या माणसावर घातलेली बंदी त्यांना नको होती.

गोव्याने हा धडा त्याआधीच दिला होता. सत्तरच्या दशकात तिथे यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत येऊन मासे खरवडू लागले, तेव्हा रांपणकार, म्हणजे रापणीने मासे पकडणारे, उठले. त्या आंदोलनातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा त्याच्या पुढच्याच वर्षीचा. या कायद्यांचा गाभा असा, की किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमाराचा, यंत्राने खरवडणाऱ्याने तिथे यायचे नाही. हा कायदा मासेमाराच्या पोटासाठी झाला, कासवांचा त्यात कुणी विचारही केला नसेल. तरी तो पट्टा खरोखर पाळला गेला असता तर विणीसाठी किनाऱ्याजवळ घुटमळणाऱ्या किती माद्या वाचल्या असत्या! कासवाला श्वास घ्यायला वर यावे लागते. तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात सापडले की ते बुडून मरते. मच्छीमाराचे हित आणि कासवाचे हित एकाच रेषेवर आहे, हे किनाऱ्यावर कुणालाही माहीत आहे. जिल्ह्याच्या गावी मात्र एक हित मत्स्यव्यवसाय खात्याच्या फायलीत जाते आणि दुसरे वनखात्याच्या. दोन्ही फायली सहसा भेटत नाहीत.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट पुरावा. तो ओडिशात आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर एके काळी कासवांची अंडी होड्या भरभरून नेली जात, तीही सरकारी परवान्याने. मोठी कासवे जिवंतच कोलकात्याच्या बाजाराकडे रवाना होत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७५ चे भितरकनिका अभयारण्य आणि १९९७ मध्ये जाहीर झालेले १,४३५ चौरस किलोमीटरचे गहिरमाथा सागरी अभयारण्य यांनी हे थांबवले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ट्रॉलरमुळे दरवर्षी हजारोंनी मेलेली कासवे किनाऱ्याला लागत होती. तिथे कुठल्या गावकऱ्याची सद्भावना कामाला येणार होती? तटरक्षक दलाची जहाजे लागली आणि नोव्हेंबर ते मे अशी मासेमारीबंदी लागली. ‘लोकसहभाग’ हा शब्द उच्चारला की सगळे प्रश्न सुटतात असे मानणाऱ्यांनी ओडिशाचा हा काळ वाचावा. बंदूकधारी राज्यसंस्था हवी तिथे हवीच. हे मला पूर्ण मान्य आहे.

पण ओडिशाची गोष्ट इथे संपत नाही. गहिरमाथ्याच्या दक्षिणेला, गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदीचे मुख आहे. शास्त्रज्ञांच्या नजरेस ही विणीची जागा आली ती थेट १९९४ मध्ये. २०२५ च्या हंगामात तिथे सुमारे सात लाख घरट्यांची नोंद झाली, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या सामूहिक विणींपैकी एक. आणि ऋषिकुल्या अभयारण्य नाही. तिथे हंगामापुरती मासेमारीबंदी आहे, वनखात्याचा पहारा आहे आणि आसपासच्या गावांतली पोरे वर्षानुवर्षे किनाऱ्यावर राबत आहेत; कुत्र्यांपासून अंडी राखतात, भरकटलेली पिल्ले टोपलीत गोळा करून पाण्याशी नेतात. मग कासवांना वाचवले कुणी, अभयारण्य या पाटीने की हंगाम पाळण्याने? दोन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट एकच आहे: ठराविक महिने, ठराविक समुद्र आणि ठराविक जाळी. ओडिशाकडून उचलायचे ते हे.

हंगाम पाळणे कोकणाला नवे नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचे नाही, हा नियम सरकारने शिकवलेला नाही. आजची १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची कायदेशीर बंदी त्याच जुन्या रीतीवर उभी आहे, आणि तक्रारी असल्या तरी मच्छीमार ती मानतो. का मानतो? कारण ती सगळ्या यांत्रिक होड्यांना सारखी आहे, तिची तारीख आधी माहीत असते आणि ती संपते. अभयारण्याची भीती वाटते ती नेमकी याच्या उलट कारणांसाठी. ते संपत नाही, कोणता नियम कधी लागेल याची खात्री नसते, आणि मोठ्याला लागत नाही.

शेवटचा मुद्दा हवेतला नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथे लहानसा कारखाना काढायचा तरी परवानग्यांसाठी वर्षे जात. त्याच तालुक्यात वाढवणचे ७६ हजार कोटींचे बंदर मंजूर झाले, समुद्रात भराव घालून शेकडो हेक्टर जमीन उभी करण्याच्या योजनेसह, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. बंदर देशाला हवे की नको हा वेगळा वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण डहाणूच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार यातून काय शिकला असेल? नाजूक हा शब्द त्याच्यासाठी आहे, बंदरासाठी नाही, एवढेच. ओडिशातही गहिरमाथ्याच्या विणीच्या किनाऱ्यापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर धामरा बंदर उभे राहिले, आणि अभयारण्याच्या पाण्यात सापडलेल्या गरीब होडीवाल्याला मात्र अटक होते. अशा वेळी त्याला ‘जैवविविधतेचे महत्त्व’ समजावून सांगणाऱ्या कार्यशाळा घेणे ही मला क्रूर थट्टा वाटते.

तरीही राज्यसंस्थेला मनात आणले तर किती नेमकेपणाने वागता येते, याचे उदाहरण त्याच किनाऱ्यावर आहे. गहिरमाथ्याजवळच अब्दुल कलाम बेट आहे, जिथून संरक्षण खाते क्षेपणास्त्रांच्या चाचण्या घेते. तिथल्या दिव्यांनी पिल्ले भरकटतात अशी तक्रार फार जुनी. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले की विणीचा हंगाम म्हणून जानेवारी ते मार्च चाचण्या होणार नाहीत. क्षेपणास्त्रे तीन महिने थांबू शकतात. मग कोकणातल्या रिसॉर्टचे समुद्राकडे रोखलेले हॅलोजन का विझू शकत नाहीत?

उजेडाचा मुद्दा आपल्याकडे फारच हलक्यात घेतला जातो. पिल्लू बहुधा रात्री वाळूतून वर येते आणि क्षितिजावर जिकडे उजळ दिसेल तिकडे धावते. लाखो वर्षे ही खूण चुकली नाही, कारण रात्रीच्या किनाऱ्यावर समुद्रच सर्वांत उजळ असे. आता मागे हॉटेल आहे, रस्ता आहे, ‘सुशोभीकरणा’तले विजेचे खांब आहेत. मादीही उजेड आणि हालचाल दिसली की अंडी न घालता परत फिरते. गोव्यात मोरजीला शॅकची रांग आणि संगीत यांच्यामध्ये कासवांसाठी दोरी बांधून जागा राखावी लागते. गालजीबाग त्या मानाने शांत आहे म्हणून बरे चालले आहे. महाराष्ट्रात पर्यटन आत्ता वाढते आहे, म्हणजे मोरजी व्हायचे की गालजीबाग हे ठरवायची वेळ हीच. आणि इथे तर नवा कायदाही नको. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात, म्हणजे सीआरझेड-१ए मध्ये मोडतात. नियम आहे. रात्री दहा वाजता जाऊन दिवा कोणता चालू आहे ते बघणारा माणूस नाही.

काँक्रीटचे तसेच. कोकणात समुद्राने किनारा खाल्ला की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते आणि काळ्या दगडांची भिंत उभी राहते. ज्याच्या माडांच्या मुळाशी लाटा आल्या आहेत त्याचे दुःख खरे आहे, त्याला ‘वाळू नैसर्गिक राहू द्या’ असे पुण्याहून सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. पण भिंतीपुढची वाळू हळूहळू निघून जाते आणि धूप शेजारच्या गावाकडे सरकते, हे आता ठिकठिकाणी दिसते आहे. मग शेजारचा गाव भिंत मागतो. कासवाला अंडी घालायला भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू लागते. भिंत झाली की तीच राहत नाही. कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे उतरतात तीही हीच वाळू. गंमत म्हणजे वनखात्याने ज्या हौसेने सुरूची बने लावली त्यांनीही काही किनाऱ्यांवर हीच मोकळी वाळू व्यापली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. झाडे लावणे म्हणजे संवर्धन, एवढेच डोक्यात पक्के होते.

चांगल्या हेतूने केलेली चूक किती महाग पडते, हे पाहायचे तर भरतपूर आठवावे. केवलादेवचे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे गुरे चारण्यावर बंदी आली. पक्षितज्ज्ञ सलीम अलींसारख्या माणसाचाही तिला पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात आढळले, की म्हशी चरत होत्या म्हणून पाण्यातले गवत आटोक्यात राहत होते; त्या गेल्यावर गवताने पाणथळ जागा गुदमरू लागल्या आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. म्हणजे ज्या पक्ष्यांसाठी गोळ्या चालवल्या त्यांच्या बाजूनेच म्हशी उभ्या होत्या. कोकणच्या किनाऱ्यावर रापण बंद केली, माणसांची ये-जा थांबवली, तर काय होईल? माझा अंदाज आहे, कोल्हे, भटकी कुत्री आणि अंडीचोर यांना रान मोकळे मिळेल. पहाटे किनाऱ्यावर असतो तो मच्छीमारच. मादीच्या पायांचे ठसे पहिल्यांदा त्यालाच दिसतात.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचे आहे. स्थानिक माणूस हा जन्मजात निसर्गरक्षक असतो, हा एक आवडता गोडवा आहे. तो खोटा आहे. वेळासमध्येही अंडी काढून खाल्ली आणि विकली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक २००२ मध्ये तिथे गेले होते ते समुद्र गरुडाचा अभ्यास करायला. कासवांची लुटलेली घरटी त्यांना तेव्हा दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच लोकांना हाताशी धरले, अंडी कुंपणाच्या हॅचरीत, म्हणजे उबवण्याच्या राखीव जागेत, हलवली, २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू केला. पाहुणे आले, घराघरात राहू लागले, मोदक आणि सोलकढीचे पैसे झाले. अंडे खाण्यापेक्षा पिल्लू दाखवण्यात जास्त मिळते हे गावाला कळले. याच संस्थेने त्याआधी वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या बर्न्ट बेटावर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी उघडकीला आणली होती. तिथेही परदेशी बाजारात सूप म्हणून विकली जाणारी घरटी नेणारे हात इथलेच होते. माणूस चांगला असतो म्हणून निसर्ग राखत नाही. राखण्यात त्याचा मान आणि चार पैसे असले, आणि लुटण्यात धोका असला, की राखतो. यात कमीपणा काही नाही. शहरातला माणूसही आयकर याच कारणाने भरतो.

म्हणूनच मला २०१८ ची एक छोटी सरकारी योजना अनेक मोठ्या घोषणांपेक्षा महत्त्वाची वाटते. जाळ्यात सापडलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमासा जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतात. जाळे ही त्याची भांडवली गुंतवणूक. ती त्याने कापावी अशी अपेक्षा समाज करतो, तर किंमत समाजाने द्यावी. इतका साधा हिशेब आपण इतकी वर्षे का केला नव्हता? अर्थात महोत्सवालाही त्याचे दुखणे आहेच. गर्दीला ठरल्या वेळी पिल्लू दिसलेच पाहिजे, मोबाइलचे दिवे, हातात घेऊन फोटो, आणि वाळूत घातलेल्या गाड्या. हॅचरीतली वाळू फार तापली तर अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्याच निघतात, कारण कासवाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. हे प्रश्न गंभीर आहेत, पण सोडवता येण्याजोगे आहेत. लुटल्या गेलेल्या घरट्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

‘चार कासवांसाठी’ म्हणणाऱ्यांचाही मुद्दा नीट ऐकू. ओडिशात लाखोंनी येतात, मग कोकणातल्या विखुरलेल्या घरट्यांची एवढी मातब्बरी कशाला? ऑलिव्ह रिडले हे जगातले सर्वांत संख्येने जास्त समुद्री कासव आहे, हेही खरे. पण सामूहिक विणीत आधीच्या मादीची अंडी नंतर आलेली मादी उकरून टाकते आणि बहुतेक अंडी वाया जातात. काही वर्षी तर थवेच येत नाहीत. एकेकटी घातलेली घरटी त्या मानाने जास्त यशस्वी होतात. आणि हे दोन किनारे वेगळे आहेत हे कुणी ठरवले? २०२१ मध्ये ओडिशात पायाला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. हजारो किलोमीटरचा हा एकच संसार आहे. त्याचे अर्धे घर ‘चार कासवांचे’ म्हणून मोडीत काढायचे आणि उरलेल्या अर्ध्याचे कौतुक करायचे, हा हिशेब जुळत नाही.

प्राणी आपल्या रेषा पाळत नाहीत, याची आठवण मुंबईलाही आहे. ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये झाले, सुमारे सतरा चौरस किलोमीटरचे. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की ते नवी मुंबईतल्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात, आणि त्या जागा अभयारण्याच्या बाहेर. तिथे पाण्याचे मार्ग बुजले, इमारतींचे आराखडे आले, आणि २०२४ मध्ये तिथे रोहित मरू लागले तेव्हा सगळे जागे झाले. अर्ध्या दिवसाचे घर राखायचे आणि अर्ध्या दिवसाचे विकायचे, असा हा प्रकार.

अमेरिकेतले अभयारण्य तर कायद्याने बंद असते, असे सांगितले जाते. फ्लोरिडाचा इतिहास जरा वेगळे सांगतो. तिथले पेलिकन बेट १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी राखीव केले. अमेरिकेतला असा हा पहिला राष्ट्रीय आसरा. बायकांच्या टोप्यांसाठी पिसे लागत आणि त्यासाठी पक्षी मारले जात, हा शत्रू स्पष्ट होता. राखणदार नेमला, त्याला महिन्याला एक डॉलर मिळे, तोही सरकारकडून नव्हे, पक्षिप्रेमींच्या संस्थेकडून. पिसांचा व्यापार आवरला. पण १९१८ मध्ये, मासे पेलिकन खातात म्हणून आपल्याला मिळत नाहीत असा समज करून घेतलेल्या मासेमारांनी चारशेहून अधिक पिल्ले काठ्यांनी मारून टाकली. आदेश पंधरा वर्षांचा जुना होता आणि शेजारी अजून पटलेला नव्हता. त्याच परिसरात १९९१ मध्ये कासवांसाठी आर्ची कार आसरा झाला. तो सलग कुंपणाचा नाही. वीसेक मैलांच्या किनाऱ्यावर घरांच्या मधले तुकडे विकत घेत घेत उभा केलेला आहे. लोक तिथे राहतात, समुद्रात पोहतात, गळ टाकतात. विणीच्या हंगामात किनाऱ्यावर पडणारे दिवे मात्र झाकावे लागतात, आणि भिंती बांधायला सहजी परवानगी मिळत नाही. ऐंशीच्या दशकात त्या पट्ट्यात शंभरही न भरणारी हिरव्या कासवांची घरटी अलीकडे काही हंगामांत दहा हजारांवर गेली आहेत. त्याचे श्रेय एकट्या या आसऱ्याचे नाही; १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी थेट मतदान करून किनाऱ्यालगतची गिल जाळी बंद केली, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

जाळ्यांवरून आठवले. १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताने, इतर तीन आशियाई देशांबरोबर, अमेरिकेविरुद्धचा कोळंबी-कासव खटला लढवला. जाळ्यात कासव बाहेर पडण्याची चौकट बसवली नाही तर तुमची कोळंबी घेणार नाही, अशी अमेरिकेची अट होती. ती राबवण्याची पद्धत भेदभावाची आहे, असा निकाल लागला आणि आपण समाधान मानले. चौकट बसवायची राहूनच गेली. २०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी याच कारणाने बंद केली. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलरसाठी चौकट केव्हाच तयार केलेली होती. मारणारे यंत्र माहीत आहे, त्यावरचा उपाय माहीत आहे, तो देशातच तयार होतो, आणि आपण वाद घालतो तिसऱ्या काढणाऱ्या बाईने किनाऱ्यावर जावे की नाही याचा.

तेव्हा कायदा कोणता हवा? अभयारण्यच हवे असेल तर १९९१ च्या दुरुस्तीनंतरचे वन्यजीव कायद्याचे कलम २६अ आधी वाचावे. सागरी पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेच्या हिताचे पुरेसे रक्षण करूनच सीमा ठरवावी, असे त्यातच लिहिले आहे. मालवण १९८७ चे, म्हणजे या तरतुदीच्या आधीचे. पुढच्या कुठल्याही घोषणेला ती सबब उरलेली नाही. माझ्या मते कोकणच्या बहुतेक किनाऱ्यांसाठी २००२ च्या दुरुस्तीने आलेला ‘संवर्धन राखीव’ हा प्रकार जास्त योग्य आहे. जमीन सरकारची असते, लोकांचे हक्क तसेच राहतात, आणि कारभार समितीमार्फत चालतो. त्याला हंगामाची तारीख जोडावी: नोव्हेंबर ते मे, सूर्यास्तानंतर समुद्राकडे उजेड नाही, वाळूत गाडी नाही, नवा बंधारा नाही, किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात ट्रॉलर आणि पर्ससीन नाही. रापण चालू. घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्रांना वेळेवर मानधन.

एक अडचण मात्र कायद्यातच आहे. संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत कोण असावे हे कलम ३६ब सांगते: वनखात्याचा प्रतिनिधी, प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीव संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा एकेक. कायदा लिहिताना डोळ्यांसमोर जंगलाकाठचे गाव होते, हे उघड आहे. त्यामुळे समुद्रकिनाऱ्याच्या समितीवर गाई-म्हशींच्या खात्याचा माणूस हक्काने बसेल आणि मत्स्यव्यवसाय खात्याला किंवा मच्छीमार संस्थेला खुर्ची नसेल. दुरुस्ती संसदेला करावी लागेल. तोवर किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आपल्या वाट्याच्या जागेवर सरपंचाऐवजी गावच्या मच्छीमार सोसायटीतला माणूस पाठवावा. कायदा त्याला आडवा येत नाही.